फोन सुचवा: ८१ वर्षांची आत्या, एकटी राहते, फक्त बोलायचंय

वाघ्याघेवडा | ३ मे २०२५, सकाळी ९.१२

मंडळी, जरा मदत करा.

माझी थोरली आत्या ८१ वर्षांची. पाटणच्या वर एका वाडीत राहते. गेल्या वर्षी म्हैस विकली, तेव्हापासून खरोखरच एकटी. पुण्याला आणली की आठव्या दिवशी पिशवी भरून दाराशी बसते, त्यामुळे तो विषय संपलेला आहे.

तिच्याकडे फोन आहे. काळा, बटणांचा, सातेक वर्षं जुना. तीन आणि सहाचे आकडे पुसले गेलेत. पण खरी अडचण वेगळीच. गेले तीन महिने आठवड्यातून चारदा तरी तिचा फोन ‘स्विच्ड ऑफ’ लागतो. मग मी शेजारच्या वहिनीला फोन करणार, ती भाकऱ्या टाकून पळत जाणार, आत्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली असणार. फोन बंद आहे हे तिच्या गावीही नसतं. सुरू केला की चालतो. बॅटरी बदलून झाली, तरी तेच.

म्हणून नवा घ्यायचाय. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा कान कमी आहे, बोटं शेतात राबून राठ झालीत. सही येते, आकडे ओळखते, बाकी वाचत नाही. रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात चांगली, माजघरात जेमतेम. चुलतभाऊ म्हणतो स्मार्टफोन दे, व्हिडिओ कॉल करता येईल. मला काही ते पटत नाही. बजेट पाच हजारांपर्यंत.

---

निम्मीशिम्मी | ३ मे, ९.४०

चुलतभावाचं ऐका. माझी आजी ८४ची आहे, व्हॉट्सअपवर रोज नातवाला बघते. सुरुवातीला त्रास होतो, मग सवय होते. लहान मूल शिकतं तसं.

---

मिसळतिखट | ३ मे, ९.५८

लहान मुलाची बोटं ओलसर असतात हो. म्हातारपणी कातडी कोरडी पडते आणि टचस्क्रीनला बोट लागलेलं कळतच नाही. माझे वडील दहा वेळा दाबायचे, अकराव्यांदा चिडून अंगठ्याने दाबून धरायचे, की दुसरंच काहीतरी उघडायचं. आणि फोन वाजत असताना हिरवं वर सरकवायचं की बाजूला, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ज्या बाईची बोटं राठ आहेत असं धागाकर्ता स्वतः सांगतोय, तिला काच कशाला देता?

---

रात्रपाळी | ३ मे, १०.१५

नोकिया ११०० शोधा कुठूनतरी. २००३ साली आला होता, जगात पंचवीस कोटींवर विकला गेला. रबरी बटणं, धूळ जात नाही, टॉर्च. आमच्या आबांचा विहिरीच्या काठावरून दोनदा पडला, दोन्ही वेळा चालू.

---

मिसळतिखट | ३ मे, १०.२१

@रात्रपाळी आठवणी छान आहेत, पण तो टूजी आहे, म्हणजे जुन्या पिढीच्या जाळ्यावर चालणारा. आत्याचं सिम जिओचं असेल तर त्यात लागायचाच नाही. जिओचं जाळं पहिल्यापासून फोरजीचं, त्यांच्याकडे टूजी नाहीच. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर टूजी फोन अजून चालतो.

मी ही चूक केली आहे म्हणून सांगतो. सासूबाईंना हजार रुपयांचा मस्त बटणांचा फोन आणला, त्यांचं जिओचं सिम घातलं आणि दोन तास घरभर रेंज शोधत फिरलो. शेवटी शेजारच्या दहावीतल्या मुलाने डब्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं.

उलटंही होतं. नऊशे नव्व्याण्णवला जो जिओभारत मिळायचा तो फोरजी आहे, पण त्यात दुसऱ्या कुणाचं सिम चालत नाही. तेव्हा वाघ्याघेवडा, आधी सांगा: आत्याचं सिम कुणाचं, आणि पडवीच्या त्या कोपऱ्यात कुणाची रेंज आहे? फोन नंतर.

---

वाघ्याघेवडा | ३ मे, १०.५०

सिम एअरटेलचं. वाडीत तेच लागतं, बाकीच्यांसाठी देवळापर्यंत चढावं लागतं. म्हणजे टूजी, फोरजी दोन्ही चालेल ना?

---

मिसळतिखट | ३ मे, १०.५५

चालेल. तरी नवा घेताय तर फोरजी घ्या, आवाज स्वच्छ येतो. फक्त टूजी फोनची बॅटरी जास्त दिवस पुरते, हे लक्षात ठेवा. तुमच्याकडे लाइट जाते का?

---

वाघ्याघेवडा | ३ मे, ११.०२

पावसाळ्यात विचारू नका.

---

अठ्ठ्याहत्तर | ३ मे, दुपारी १२.३०

माझं वय सदस्यनामातच आहे. हा प्रतिसाद मी स्मार्टफोनवरून लिहितोय, त्यातही मराठी टंकून.

तुम्ही सगळे आत्याबाईंची बोटं, डोळे, कान यांची चर्चा करताय, जणू त्या समोरच्या खोलीत झोपल्यात. नवा फोन हवाय का, हे त्यांना कुणी विचारलंय? माझ्या मुलाने मला न विचारता ‘ज्येष्ठांसाठीचा’ फोन आणला होता. पाठीवर हे एवढं लाल बटण. मी ते एकदा चुकून दाबलं, पाच जणांना संदेश गेला आणि सून ऑफिस सोडून रिक्षाने आली. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. दुसऱ्या दिवशी तो फोन मी बोहारणीला देणार होतो, तिनेही घेतला नाही.

ज्यांना स्मार्टफोन द्यायचाच आहे त्यांच्यासाठी: सॅमसंगमध्ये ‘इझी मोड’ असतो, चित्रं मोठी होतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलताही वाढवता येते, कोरड्या बोटांना फरक पडतो. अक्षर मोठं आणि ठळक करा. आणि पाठीमागे उभे राहून ‘अहो तिथे नाही, तिथे’ म्हणू नका.

---

फणसगरे | ३ मे, १२.४४

@अठ्ठ्याहत्तर काका, बोहारणीचं वाचून ऑफिसात मोठ्याने हसले.

---

तारयंत्र | ३ मे, दुपारी २.०५

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. फोन कुठला घ्यायचा ते बाकीचे सांगतील. मला ‘स्विच्ड ऑफ’ हा प्रकार खटकतोय.

बॅटरी बदलली, सुरू केला की चालतो, मग फोन नादुरुस्त नाही. वाघ्याघेवडा, आत्या बोलणं झाल्यावर फोन कसा कापतात ते कधी बघितलंय? बटणांच्या बहुतेक फोनमध्ये लाल बटण दोन कामं करतं. टिचकीसारखं दाबलं तर कॉल कापला जातो, दाबून धरलं तर फोनच बंद होतो. त्या दाबून धरत असणार.

का, तेही सांगतो. त्या पिढीला ‘नीट ठेवला नाही तर मीटर पडत राहतं’ ही धास्ती आहे आणि ती खोटी नाही. ट्रंक कॉलला तीन मिनिटांचा हिशोब असे. चोंगा तिरका राहिला की लाइन अडकून राही, आम्हालाच माणूस पाठवून ठेवायला सांगावं लागे. एसटीडी बूथमध्ये डोळ्यांसमोर लाल आकडे पळायचे. मोबाइल आले तेव्हाही २००३च्या मेपर्यंत आलेल्या फोनचे पैसे घेणाऱ्याला पडत. अशा माणसाला ‘नुसतं हलकं दाब, कापला जातो’ सांगून विश्वास बसत नाही. तो चांगला दोन-तीन सेकंद दाबून, दिवा विझलेला बघूनच फोन खाली ठेवतो.

बघा आणि कळवा.

---

रात्रपाळी | ३ मे, २.१७

तारयंत्र काका, माझी आई हेच करते!!! आणि आम्ही दोन फोन बदलले.

---

संत्राबर्फी | ३ मे, २.३०

+१. आमच्याकडे याच्या जोडीला आणखी एक. बाबा रात्री मुद्दाम बंद करून ठेवत, ‘चार्जिंग उगाच जळते’ म्हणत. नळ उघडा ठेवल्यासारखं वाटे त्यांना. नागपूरच्या उन्हात पंखा दिवसरात्र चालतो त्याचं काही नाही.

---

कानोसा | ३ मे, संध्याकाळी ६.२०

कानाचं मी बोलते, तो माझा व्यवसाय आहे.

वयाने कान जातात तेव्हा आधी वरचे, बारीक सूर जातात. म्हणून ‘आवाज मोठा’ लिहिलेला फोन आणला तरी माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय पण कळत नाही.’ स्वर मोठे होतात, स, श, फ अशी व्यंजनं मात्र हरवलेलीच राहतात. त्यामुळे दुकानात आवाज किती मोठा हे बघू नका. कुणाला तरी दुकानाबाहेर पाठवा, तिथून फोन करायला लावा आणि चार आकडे सांगायला सांगा. आत्यांनी ते बरोबर परत म्हणून दाखवले तर तो फोन चांगला.

रिंगचंही तेच. बासरी, चिमण्या, बारीक घंटी असलं काही ठेवू नका, त्यांना ते पोचतच नाही. जाड, खालच्या पट्टीतली, जुन्या काळ्या फोनसारखी रिंग ठेवा. आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर शिवलेल्या कापडी पाकिटात घालून, ते फडताळात ठेवलेलं असेल तर जगातली कुठलीही रिंग ऐकू जाणार नाही. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्यांचा फोन असाच असतो.

कानाचं यंत्र लावत असाल तर दोन गोष्टी. कानामागचं यंत्र असेल तर फोन कानाच्या भोकावर न धरता जरा वर, यंत्राच्या माइकपाशी धरायचा. आणि टूजी फोन यंत्राजवळ नेला की ‘डर्र डर्र’ असा आवाज येऊ शकतो, फोरजीवर तो त्रास बराच कमी. हृदयाला पेसमेकर असेल तर फोन छातीशी पोलक्यात ठेवायचा नाही, वीतभर तरी लांब.

---

वाघ्याघेवडा | ३ मे, रात्री ९.३०

प्लास्टिकची पिशवी आहे. वर मीच दिलेलं बँकेचं पाकीट आहे. फडताळ नाही, कोनाडा आहे.

पुढच्या शनिवारी जातो आणि लाल बटणाचं बघतो.

---

निम्मीशिम्मी | ४ मे, सकाळी ८.०५

सगळ्यांनी मला झोडलं, ठीक आहे. पण एक सांगा, आजीला नातवाचं तोंड दिसतं तेव्हा तिचा चेहरा बघितलाय का कुणी? बटणांच्या फोनवर ते नाही येत.

---

संत्राबर्फी | ४ मे, ८.४०

@निम्मीशिम्मी ताई, पटतंय. मी न्यू जर्सीत, आई नागपुरात. फोन तिच्या हातात न देता आम्ही दुसरी वाट काढली. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी अ‍ॅमेझॉनचा एको शो ठेवलाय, पडद्याचा डबा. त्यात ‘ड्रॉप इन’ म्हणून सोय असते. ज्यांना परवानगी दिलीय त्यांचा कॉल आपोआप लागतो, आईने काहीच दाबायचं नाही. मी इथून ‘आई’ म्हटलं की ती पोळी लाटता लाटता बोलते. मात्र वायफाय पाहिजे, लाइट पाहिजे. आणि आपण कधीही टपकू शकतो हे तिला मान्य पाहिजे. सुरुवातीला ती त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवायची. आता फक्त देवपूजेच्या वेळी टाकते.

बोलण्यासाठी तिच्याकडे वेगळा साधा फोन आहेच. दोन कामं एकाच यंत्रावर लादली की दोन्ही बिघडतात, असा माझा अनुभव.

---

तारयंत्र | ४ मे, १०.१०

घरातल्या घरात बोलायचं असेल तर सिमकार्डावर चालणारे टेबलफोनही मिळतात. दिसायला जुन्या लँडलाइनसारखे, खरा चोंगा, मोठी बटणं, रिंग शेजारच्या घरात जाईल एवढी. वीस वर्षांपूर्वी टाटा इंडिकॉमचा वॉकी असायचा, त्याचंच नवं रूप समजा. चोंगा ठेवला की फोन कापला, लाल बटणाची भानगडच नाही. आत बॅटरी असते, लाइट गेली तरी काही तास चालतो. मात्र सिमच्या प्रकाराप्रमाणे टूजी की फोरजी ते बघूनच घ्या.

---

वाघ्याघेवडा | ४ मे, १०.३५

कल्पना आवडली, पण ती घरात थांबत नाही. सकाळी परड्यात, दुपारी ओढ्याला, संध्याकाळी देवळात.

---

फणसगरे | ४ मे, ११.२०

मग घडीचा फोन बघा. फ्लिप. उघडला की उचलला, मिटला की कापला. मी आईला नोकिया २६६० फ्लिप घेतला होता. २०२२ साली आला तेव्हा ४,६९९ रुपयांना होता, फोरजी आहे, कुठलंही सिम चालतं. आतले आकडे मोठे, बाजूला तातडीचं बटण वेगळं.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ‘अनलॉक दाबा, मग स्टार दाबा’ हे प्रकरण जातं. साध्या फोनमध्ये आई तिथेच अडकायची. अनलॉक दाबलं की स्टार शोधेपर्यंत परत लॉक.

वाईट म्हणजे उघडायला नखाचा आधार लागतो. हात थरथरत असतील किंवा सांधे धरलेले असतील तर आधी त्यांच्या हाताने उघडून बघा. माझ्या मावशीला नाही जमला, तिने दोन्ही हातांनी नारळ फोडल्यासारखा उघडला.

---

मिसळतिखट | ४ मे, ११.४५

फोन कुठलाही घ्या, ही दोन कामं जायच्या आधी करा.

एक, स्पीड डायल, म्हणजे एकच आकडा दाबून धरला की ठरलेला नंबर लागतो. १ बहुतेक फोनमध्ये व्हॉइसमेलला असतो, म्हणून २पासून सुरुवात. पण ५ आणि ९ सोडा. २०१६ सालच्या सरकारी नियमानुसार बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की तातडीच्या मदतीच्या ११२ला फोन जायची सोय ठेवलेली असते. मामाच्या फोनमध्ये मी माझा नंबर ५वर ठेवायला गेलो आणि ११२ला फोन लागला. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं काय झालंय, मामा म्हणाले, ‘भाचा आलाय.’

दुसरं, रिचार्ज. मुदत संपली की येणारे फोनही काही दिवसांत थांबतात आणि आपल्याला वाटतं म्हातारी उचलत नाही. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितल्यावर या जानेवारीपासून कंपन्यांनी इंटरनेट नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएस असे पॅक आणलेत, वर्षभराचेही. एअरटेलचा ३६५ दिवसांचा जानेवारीत १,८४९ला होता. महिन्याच्या महिन्याला डेटाचे पैसे भरत बसू नका. आणि ते त्यांना करायला लावू नका, तुमच्या फोनवरून करा.

---

रात्रपाळी | ४ मे, १२.१०

तिसरं मी घालतो, नकोसे फोन. ‘बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा’ वाले बटणांच्या फोनलाही सोडत नाहीत. लिंकवर बोट पडायची भीती नाही एवढंच, ओटीपी तोंडानेच सांगितला जातो. इंग्रजीत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ला पाठवला की जाहिरातींचे फोन बरेच कमी होतात. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३०ला फोन, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. ज्येष्ठांसाठीच्या काही फोनांत अशीही सोय असते की साठवलेला नंबर असेल तरच वाजतो. आमच्या आईला तो प्रकार नको झाला, म्हणाली, ‘गॅसवाला कसा येणार मग?’

---

फणसगरे | ४ मे, १२.३०

चौथं माझं. ज्या बटणावर रोजचा नंबर आहे त्यावर टिकली चिकटवा. मखमली, जाडसर. हाताला लागते. पाचवर मधोमध एक बारीक उंचवटा आधीच असतो, त्यावर काही लावू नका. आणि चार्जरच्या बारीक पिनेची वरची बाजू नेलपॉलिशने रंगवा, फोनच्या भोकापाशीही तोच ठिपका. ठिपक्याला ठिपका. आमच्याकडे उलटी पिन ठोकून ठोकून दोन फोनांची भोकं सैल झाली.

---

अठ्ठ्याहत्तर | ४ मे, दुपारी १.००

टिकल्या, नेलपॉलिश सगळं झालं. आत्याबाईंना विचारलंत का?

---

वाघ्याघेवडा | ११ मे, रात्री १०.१५

काल जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो.

तारयंत्र काका, तुम्हाला साष्टांग. पडवीत तिच्या शेजारी बसून मी माझ्याच मोबाइलवरून तिला फोन केला. बोललो. ‘ठेव आता’ म्हणालो. तिने फोन डोळ्यांसमोर धरला, अंगठा लाल बटणावर ठेवला आणि ओठ मिटून, डाळ रगडावी तसा दाबला. पडदा काळा झाला. तेव्हा समाधानाने पिशवीत घातला.

म्हटलं, ‘आत्या, तू बंद केलास की.’ तर म्हणाली, ‘मग? बंद कराया नको व्हय? उगडा ऱ्हायला तर पैकं जात्यात.’ पुढे कळलं की हे ज्ञान तिला मीच दिलंय. सात वर्षांपूर्वी फोन दिला तेव्हा ‘नीट कापत जा हं, नाहीतर पैसे कटतात’ असं मी म्हणालो होतो. ती ते शब्द विसरलेली नाही, मी विसरलो.

मग आधी का नव्हतं होत असं, गेल्या तीन महिन्यांतच का? तर जुनी बॅटरी गेली तेव्हा मध्ये एकदा बिल वाढल्यासारखं वाटलं, म्हणजे रिचार्ज लवकर संपला, म्हणून तिने दाबायचा वेळ वाढवला.

अठ्ठ्याहत्तर काकांचा धाक होता, म्हणून विचारलं, नवा फोन हवाय का. ‘ह्याला काय झालंय?’ म्हणाली. खरंच काही झालं नव्हतं. मी तिला हलकं दाबायला शिकवलं. दहा वेळा बरोबर केलं, अकराव्यांदा वहिनीचा फोन आला आणि परत डाळ रगडली. हात ऐकत नाही. सात वर्षांची सवय.

तेव्हा तिला घेऊन कराडला गेलो. दुकानात तीन फोन समोर ठेवले. साधा बटणांचा तिने उचललाच नाही, ‘हा हायच की माज्याकडं.’ ज्येष्ठांसाठीचा मोठ्या बटणांचा होता, तो बघून म्हणाली, ‘ह्यो पोराच्या खेळण्यातला दिसतुया.’ मग घडीचा. उघडला, मिटला. परत उघडला, मिटला. टप्प, टप्प. पाच-सहा वेळा. म्हणाली, ‘ह्यो अडकित्त्यावानी हाय.’ आयुष्यभर सुपारी कातरलेली बाई आहे, अंगठ्याला ती चाल माहीत. नख लागलंच नाही.

कानोसा ताईंची परीक्षा घेतली. दुकानदाराचा पोऱ्या रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन आकडे सांगत होता. उजव्या कानाला चारही बरोबर. डाव्याला सातचे साठ झाले. उजवाच धरायचा ठरलं.

किंमत विचारलीन. मी पाचशे सांगितली. दुकानदार दुसरीकडे बघत होता.

---

फणसगरे | ११ मे, १०.२८

अडकित्ता!! माझ्या आईला सांगते हे.

---

संत्राबर्फी | ११ मे, १०.४०

पाचशे जास्त झाले. आमच्याकडे अडीचशेच्या वर काही सांगतच नाही, नाहीतर कपाटात जपून ठेवते.

---

तारयंत्र | १२ मे, सकाळी ७.३०

छान झालं. जुना फोन टाकू नका. चार्ज करून बंद ठेवा, पावसाळ्यात लागेल. सिम काढून त्यात घातलं की झालं. आणि हे सिम कुणी काढायचं ते वहिनींना शिकवून ठेवा.

---

कानोसा | १२ मे, ९.१५

आणि पिशवी?

---

वाघ्याघेवडा | १२ मे, ९.५०

पिशवी नवीन फोनलाही आहे. पण वहिनीने कापडाचं पाकीट वरून उघडं शिवलंय, लांब नाडी लावून. गळ्यात घालते. रिंग जुन्या फोनची ठेवलीय, ट्रिंग ट्रिंग. पहिल्यांदा वाजला तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली.

एक गंमत राहिली सांगायची. स्पीड डायल लावताना मी गृहीत धरलं होतं की २वर मी. तिने हात धरला. ‘दोनवर ही,’ म्हणून वहिनीकडे बोट. तीनवर आशाताई, गोळ्या त्या आणून देतात. म्हटलं आणि मी? जरा विचार करून म्हणाली, ‘तुज चारवर टाक. तुला यायला चार तास लागत्यात.’ पाच मोकळा सोडलाय. सहावर धाकटी आत्या.

टिकल्या दोनवर आणि तीनवर लागल्या. मरून रंगाच्या.

---

निम्मीशिम्मी | १२ मे, १०.०५

चारवर टिकली का नाही लावली?

---

वाघ्याघेवडा | १२ मे, १०.१२

पाकिटात दोनच उरल्या होत्या म्हणे.

---

मिसळतिखट | १२ मे, १०.२०

वाईट वाटून घेऊ नका. माझ्या सासूबाईंनी मला नंबरच दिलेला नाही, बायकोच्या खाली ‘जावई, अडचणीला’ असं आहे.

---

वाघ्याघेवडा | २ जून, रात्री ८.४०

धागा वर काढतोय, एवढंच सांगायला. तीन आठवड्यांत एकदाही ‘स्विच्ड ऑफ’ लागला नाही. दोनदा उचलला नाही, दोन्ही वेळा ओढ्यावर होती.

आज संध्याकाळी चारवरून फोन आला. धावत उचलला, म्हटलं काय झालं. ‘काय न्हाय, चुकून दाबलं,’ म्हणाली. आणि मग पंचवीस मिनिटं बोलली.